नावे ठेवणारी पुस्तके

आपल्याकडे नावे ठेवायला शेजारी पुरतात. इंग्रजीने ते काम पुस्तकांवर सोपवले आहे. माणूस ठेंगणा असला की तो ‘लिलिपुटियन’, कंजूष असला की ‘स्क्रूज’. पहिला शब्द स्विफ्टच्या १७२६ मधल्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधला, दुसरा डिकन्सच्या १८४३ मधल्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मधला. पुस्तक न उघडताही शब्द खुशाल वापरावा!

मला मात्र बिचाऱ्या स्क्रूजची कणव येते. गोष्टीच्या शेवटी तो सुधारतो, कारकुनाच्या घरी भलीमोठी टर्की धाडतो, त्याचा पगारही वाढवतो. ते सारे पुसले गेले आणि उरला तो सुरुवातीचा चिक्कू. मेरी शेलीच्या फ्रँकेन्स्टाइनची गत तर याहून वाईट. १८१८ च्या त्या कादंबरीत हे नाव राक्षस घडवणाऱ्याचे. लोकांनी ते राक्षसालाच चिकटवले!

बसचे पैसे वाचवायला दादरहून परळपर्यंत पायी जाणाऱ्या आमच्या एका काकांनाही नातेवाईक ‘स्क्रूज’ म्हणत. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत शाळेच्या फीच्या पावत्या निघाल्या. मुले सगळी परक्यांची. नाव चुकले नव्हतेच म्हणा; ठेवणाऱ्यांनी गोष्ट शेवटपर्यंत वाचली नव्हती, इतकेच.