सगळ्यांना घेऊन क्रूझला जाताना

"डॉक्टर, क्रूझला चाललोय, उलटीची गोळी लिहून द्या." दिवाळी झाली की हे वाक्य ओपीडीत वरचेवर ऐकू येतं. पूर्वी सिंगापूरला जाणारेच क्रूझचं नाव काढायचे. आता मुंबईहूनच गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जहाजं निघतात. त्यामुळे कुणाची साठी, कुणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर, सगळ्याला क्रूझच. गोळी मी लिहून देते, पण खरं तर तो शेवटचा प्रश्न. त्याआधी विचारायला हवेत असे प्रश्न बरेच असतात आणि यंदा ते मला माझ्याच माणसांना विचारावे लागले.

आम्ही चौदा जण. माझं घर, भावाचं घर, दोन मैत्रिणींची कुटुंबं, आतेभाऊ, त्याची बायको आणि शहात्तर वर्षांची माझी आत्या. व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. बाल्कनीची खोली घ्यायची की आतली, जैन जेवण मिळेल का, रात्रीच्या शोला काय घालायचं, यावर तीनशे मेसेज झाले. कुणाला काय आजार आहे, यावर एकही नाही. हे सगळ्याच ग्रुपमध्ये होतं. आजार सांगितला की आपल्यामुळे बेत बिघडेल, अशी भीती असते.

म्हणून मी प्रत्येकाला वेगळा फोन केला. तुम्हीही ग्रुपमध्ये विचारू नका, एकेकट्याला विचारा. सोबत डॉक्टर असायला हवा असं नाही. एका विश्वासू माणसाकडे सगळ्यांची माहिती असली तरी पुरे. फोनवर कळलं की एका मैत्रिणीचे यजमान रात्री घोरण्यासाठी सीपॅप मशीन लावतात, हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण जहाज कंपनीला आधी कळवावं लागतं. खोलीत पलंगाजवळ प्लग असेलच असं नाही आणि घरचा एक्स्टेन्शन बोर्ड बऱ्याच जहाजांवर आगीच्या भीतीने काढून घेतात.

आत्याचा प्रश्न मोठा होता. तिच्या हृदयाची पंप करण्याची ताकद कमी आहे, इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के. औषधांवर ती छान आहे, सकाळी देवळात चालत जाते. तिने फोनवर सहज विचारलं, "बाहेर फिरायचंय त्या दिवशी लघवीची गोळी नाही घेतली तर चालेल ना गं? बाथरूम कुठे शोधत बसायचं?"

हा प्रश्न तुमच्या घरातल्या ज्येष्ठांनी विचारला नसेल, तर बहुधा न विचारताच ते गोळी टाळत असतील. लग्नाला, देवदर्शनाला जाताना ही गोळी हमखास चुकते. हृदय कमजोर असलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. गोळी ते बाहेर काढते. जहाजावर तीन वेळा बुफे, त्यात सूप, पापड, लोणचं, चायनीज, म्हणजे मीठ रोजच्यापेक्षा बरंच जास्त. गोळी बंद आणि मीठ दुप्पट असे दोन दिवस गेले की पाणी फुप्फुसात साचायला लागतं आणि रात्री आडवं पडल्यावर दम लागतो. त्या वेळी जहाज भर समुद्रात असतं. गोळी टाळायची नाही. तिची वेळ पुढेमागे करता येते, फिरून आल्यावर दुपारीही घेता येते. मात्र ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

आतेभावाला हे कळलं तसं तो म्हणाला, "ताई, आईला नकोच नेऊया. मध्येच काही झालं तर?" त्याचं चुकत नव्हतं. मोठ्या जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर आणि नर्स असतात, ईसीजी, ऑक्सिजन, सलाइन, प्राथमिक तपासण्या होतात. पण अँजिओप्लास्टी होत नाही, रक्तपेढी नसते, डायलिसिस साधारणपणे नसतं. आमचा पहिला बेत लक्षद्वीपचा होता. ती बेटं केरळच्या किनाऱ्यापासून २०० ते ४४० किलोमीटर दूर आहेत. शिवाय मोठं जहाज बेटाला लागत नाही, हलत्या लहान बोटीत उतरून किनारा गाठावा लागतो. गुडघे धरलेल्या माणसाला तीच पायरी सगळ्यात अवघड.

आत्या मात्र म्हणाली, "माझ्याबद्दल ठरवताय ना, मग माझ्यासमोर ठरवा." मग तिच्यासमोरच ठरवलं. तिच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. महिनाभर वजन स्थिर आहे का, एक जिना न थांबता चढते का, रात्री किती उशा लागतात, हे त्यांनी विचारलं, तपासलं आणि जायला हरकत नाही म्हणाले. फक्त किनाऱ्यापासून फार दिवस दूर राहू नका. आम्ही लक्षद्वीप सोडून मुंबई-गोवा-मुंबई घेतलं. मुरगावला जहाज थेट धक्क्याला लागतं आणि गरज पडली तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज गाडीने गाठता येतं. मुलं फुगली. स्नॉर्केलिंगचे व्हिडिओ बघून झाले होते त्यांचे. भाचा तर अजूनही माझ्याशी तोंडदेखलंच बोलतो. मला हा सौदा योग्य वाटतो, पण त्यांना वाईट वाटू नये अशी अपेक्षा मी करत नाही.

आता तुमच्या उलटीच्या गोळीकडे येऊ. बोट लागते ती पोटामुळे नाही. आतल्या कानाला हालचाल जाणवते, खोलीत बसलेल्या डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. म्हणून डेकवर येऊन क्षितिजाकडे बघितलं की बरं वाटतं, मोबाइल बघितला की वाढतं. खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घेतली तर हेलकावे कमी लागतात, आणि ती सहसा स्वस्तही असते! गोळी निघण्याआधी घ्यायची असते; उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. अव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून त्यांच्यासोबत मद्य नको. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. म्हातारी माणसं गुंगीत पडतात, तेही लक्षात ठेवा.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर बोट लागली असं धरून चालू नका. नोरोव्हायरस जहाजांवर झपाट्याने पसरतो. एकाच बुफेचे चमचे शेकडो हात धरतात आणि आजारी पडायला अगदी थोडे विषाणू पुरतात. सॅनिटायझर त्यावर फारसा चालत नाही. साबण आणि पाणी, तेही जेवणाआधी दर वेळी. खोलीत बंद करतील म्हणून लोक लपवतात. लपवू नका, तुमच्याच ग्रुपमधली आजी पुढची असते. बंद जहाजात संसर्ग कसा पसरतो ते २०२० मध्ये योकोहामाला थांबवलेल्या डायमंड प्रिन्सेसवर जगाने पाहिलं. ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना कोविड झाला. ज्येष्ठांची फ्लूची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी झालेली असावी.

मधुमेह असेल आणि उलट्या-जुलाब होत असतील, तर डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिन या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. कोणत्या आणि कधी, हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्सुलिन कधीही बंद करायचं नाही, डोस मात्र विचारायचा. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, कारण बंदरावर दिलेली मोठी बॅग खोलीत पोचायला काही तास लागतात. चार दिवसांची सहल असेल तर आठ दिवसांची औषधं घ्या.

गरोदर सून किंवा तान्हं बाळ सोबत असेल तर पैसे भरण्याआधी नियम वाचा. बऱ्याच कंपन्या २४ आठवड्यांनंतर गरोदर बाईला आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत. विमा काढताना जुने आजार लपवू नका. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल वेगळं लागतं आणि नेहमीच्या मेडिक्लेममध्ये ते बसेलच असं नाही.

आत्याने वजनकाटा सोबत घ्यायचा ठरवलं होतं. रोज वजन करायची सवय आहे तिला, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा हे तिला पाठ आहे. पण डुलत्या जहाजावर काट्याचा काय भरवसा! त्यामुळे ती घोट्याची सूज बघणार आहे आणि उशी एकाची दोन झाली की लगेच मला उठवणार आहे. तिच्या पर्समध्ये एक प्लास्टिकची पिशवी आहे: औषधांची यादी, डॉक्टरांचा नंबर आणि जुना ईसीजी. नवा ईसीजी काढला तर जुन्याशी ताडून बघता येतो, जहाजावरच्या डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. तो कागदावरच हवा. फोनमध्ये क्लाउडवर ठेवलेला ईसीजी भर समुद्रात उघडेलच असं नाही.