रात्री कोण जागणार

पक्षाघातानं पप्पांचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. तहान लागली तरी त्यांना ‘पाणी’ म्हणता येईना. आईला हाक मारायला जावं, तर ओठ हलायचे, गळ्याच्या शिरा ताणल्या जायच्या आणि भलताच आवाज बाहेर पडायचा. मग ते डोळे मिटून घ्यायचे. अशात पाळकसाहेब भेटायला आले. खाटेशी उभं राहून त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि पप्पा त्यांच्याबरोबर ती म्हणू लागले. शब्द थोडे घसरत होते, पण ओळीमागून ओळ येत होती, थेट ‘आमेन’पर्यंत.

मी नर्स आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की बोलणं जातं, पण घोकून पाठ झालेलं आणि गाऊन मुरलेलं पुष्कळदा शाबूत राहतं, हे मी वॉर्डात पाहिलेलं होतं. वारांची नावं, आकडे, आरत्या, नमाजातल्या ओळी रुग्णाच्या तोंडून येताना ऐकल्या होत्या. तरी आपल्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना पाय लटपटले. आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी कुटुंबोपासना चुकली नव्हती. शास्त्रपाठ, एक गीत, प्रार्थना. गीत बहुतेकदा नारायण वामन टिळकांचं. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आम्हा नगरकडच्या मंडळ्यांना अभंगाच्या चालीत ख्रिस्त गायला दिला. पप्पांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं, पण मी चाल धरली की टिळकांचं कडवंच्या कडवं येत होतं.

त्या सुमारास माझी आयर्लंडला जायची तयारी पूर्ण झाली होती. परीक्षा झाली होती, तिथल्या रुग्णालयाचं पत्र आलं होतं. त्यासाठीही मी प्रार्थना केलीच होती. आता दोन मागण्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. पप्पा बरे व्हावेत, आणि मी जावं की थांबावं हे देवानं स्पष्ट सांगावं. रात्री पप्पांची कूस बदलून झाली की मी गुडघे टेकायची आणि वाट बघायची. ना आवाज आला, ना स्वप्न, ना एखादं वचन डोळ्यांसमोर लखलखलं.

उत्तर मिळालं ते वाचताना. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू काही धार्मिक माणसांना झापतो. आईवडिलांच्या उपयोगी पडायचं ते ‘देवाला अर्पण केलंय’ असं म्हणून ही माणसं मोकळी व्हायची. देवाचं नाव घेऊन देवाचीच आज्ञा चुकवायची सोय. तो भाग मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या रात्री तो माझ्या खोलीत आला. आईबापांचा मान राख, ही आज्ञा सीनायपासून सांगून झालेली आहे. ती माझ्यासाठी पुन्हा नव्यानं सांगण्याची देवाला गरज नव्हती. मी मागत होते ते नवं मार्गदर्शन, आणि आज्ञा तर समोर खाटेवर झोपलेली होती. मी थांबले.

हा सगळ्यांना लागू पडणारा नियम आहे असं मी म्हणणार नाही. आमच्याच मंडळीतली माझी एक मैत्रीण अशाच प्रसंगी आखातात गेली. तिनं पाठवलेल्या पैशांवर तिच्या आईचं डायलिसिस चाललं. तिचं आज्ञापालन माझ्याहून तसूभर कमी नाही.

एका गोष्टीचं मात्र मला आजही दुःख होतं. बाहेरगावचे एक प्रचारक घरी आले, पप्पांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली आणि जाताना दारात मला म्हणाले, ‘‘घरात विश्वास कमी पडतोय, ताई.’’ पप्पांनी ते ऐकलं. बोलता येत नव्हतं, कळत सगळं होतं. मी त्यांच्याजवळ बसून गेथशेमाने बागेतल्या येशूच्या प्रार्थनेचा भाग मोठ्यानं वाचला. पुत्रानं तीनदा तेच मागितलं, प्याला टळू दे म्हणून. प्याला टळला नाही. पौलानंही शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिलाच. त्यांचा विश्वास कमी पडला होता का? इब्री लोकांस पत्रात तर लिहिलंय की येशू पुत्र असूनही दुःख सोसून आज्ञाधारकपणा शिकला. त्याला जे शिकावं लागलं, ते आम्हाला एका प्रार्थनेत कसं यावं?

आज्ञाधारकपणाचं नाव घेऊन नातेवाईकही आले. ‘‘तू मुलगी, शिवाय नर्स, तूच करणार.’’ इथे मला पंडिता रमाबाईंचा आधार वाटला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण चर्च सांगतं म्हणून मुकाट्यानं मान्य करा, ही तिथल्या मठातल्या भगिनींची अपेक्षा त्यांनी पत्रांतून ठामपणे नाकारली. त्याच रमाबाई दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावात मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या, १९२२ साली मृत्यू येईपर्यंत. माणसांपुढे न वाकणारी ही बाई देवापुढे पूर्ण वाकलेली होती. मला हे दोन्ही एकत्र हवं होतं. मी भावाला फोन केला. म्हटलं, ‘‘दादा, आज्ञा लेकरांना आहे, फक्त लेकींना नाही. शनिवार-रविवारच्या रात्री तुझ्या.’’ तो गप्प झाला. पण आला. पहिल्या रात्री त्याला पप्पांचं अंथरूण बदलायला शिकवलं, ते शिकताना तो रडला.

पप्पा चालले नाहीत. बोलणं थोडं परतलं, ‘हो’, ‘नको’, आईचं नाव. दर संध्याकाळी आम्ही सगळे प्रभूची प्रार्थना म्हणायचो आणि देवाच्या इच्छेच्या ओळीशी ते माझा हात दाबायचे. मनातलं सांगायला त्यांना एरवी शब्द सापडत नसत, पण ती ओळ त्यांच्याकडे होती. मी मागितलेलं बरेपण मिळालं नाही, हे मी आजही देवाला सांगते. त्या प्रार्थनेतलं एक अक्षर मागे घेतलेलं नाही. तरी त्या दिवसांत देव दूर आहे असं मला एकदाही वाटलं नाही. पप्पांना भरवताना, पाठीला पावडर लावताना जी प्रार्थना व्हायची, तशी मला चर्चच्या बाकावर क्वचितच साधली होती.

पप्पा गेल्यावर महिला मंडळाच्या प्रार्थनासभेत मी एक गोष्ट सुचवली. प्रार्थनेच्या वहीत आजाऱ्याचं नाव लिहिलं की त्याच ओळीत, त्या आठवड्यात त्याच्या घरी रात्री कोण जागणार, तेही लिहायचं. काही जणींना ते रुचलं नाही. प्रार्थनेची वही म्हणजे ड्युटीचा तक्ता नव्हे, असं एका ज्येष्ठ बाईंनी सांगितलं. पुढे त्यांच्याच यजमानांना पक्षाघात झाला. आता त्या वहीत पुरुषांचीही नावं असतात, आणि कूस कशी बदलायची, गिळायला त्रास असलेल्याला पेज किती दाट द्यायची, हे शिकवायला मी जाते. या आठवड्यात तीन घरं आहेत.