सरड्याचें पिलूं

वाशी तालुक्यांतील तेरखेडा हें गांव शोभेच्या दारूच्या कारखान्यांसाठीं महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. दिवाळीच्या दिवशीं दूरदूरच्या अंगणांत वाजणारे फटाके येथील कित्येक हातांनीं वळलेले असतात. ह्या गांवीं गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक लहानशी गोष्ट घडली. ती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

एके दुपारीं आमच्या घरामागच्या बोळांत चार पांच मुलें घोळका करून बसलेलीं दिसलीं. मध्यें सरड्याचें एक पिलूं होतें. त्याच्या कमरेला दोरा बांधला होता, आणि एक मुलगा त्याच्या शेपटीस लवंगी फटाका बांधण्याच्या खटपटींत होता. आम्ही ओरडणार तोंच त्यांतील सर्वांत धाकट्या मुलानें पिलूं दोऱ्यासकट उचललें व तो धावत आमच्याकडे आला. 'सर, ह्याला भाजेल,' एवढेंच तो म्हणाला. त्याच्या वडिलांच्या उजव्या हाताचीं दोन बोटें दारूकामांत गेलेलीं आहेत, हें आम्हांस ठाऊक होतें. आम्हीं अधिक कांहीं विचारलें नाहीं.

खरें सांगावयाचें तर सरड्याची कींव करण्याचा अधिकार आम्हांस फारसा नव्हता. तो मान हालवून आपणांस वेडावतो, अशी आमची बालपणीं समजूत असे, व तेवढ्या अपराधासाठीं आम्हीं पुष्कळ सरडे दगडांनीं मारले. वस्तुतः मान हालवणें ही त्याची दुसऱ्या सरड्यांशीं बोलण्याची रीत आहे. विणीच्या हंगामांत नराचा गळा लाल होतो, पण तो कोणाचें रक्त पीत नाहीं, व त्याला विषही नाहीं.

दोरा सोडून आम्हीं पिलूं एका खोक्यांत ठेविलें. खालीं कापूस घातला, खोकें घरांत गार जागीं ठेविलें, व वाटींत दूध आणि भाताचीं शितें दिलीं. दोन दिवसांत पिलूं काळवंडलें व डोळे मिटून पडून राहिलें. शितास त्यानें तोंड लाविलें नाहीं. मुलगा सकाळ-संध्याकाळ येऊन पाही व कांहीं न बोलतां परत जाई. पदवीधर मास्तरांच्या हातीं दिलेलें पिलूं मरत आहे, हें त्याच्या मुद्रेवर आम्हांस स्पष्ट वाचतां येत होतें.

मग आम्ही वाचावयास बसलों. ऑस्ट्रेलियांतील दाढीवाला सरडा हल्लीं पुष्कळ देशांत घरीं पाळतात. भीति वाटली म्हणजे तो गळ्याची काटेरी कातडी दाढीसारखी फुगवितो, म्हणून हें नांव. आपला सरडा त्याच्याच कुळांतला. ह्या कुळांतील प्राण्यांस शरीराची ऊब बाहेरून, उन्हांतून घ्यावी लागते. ऊब नसेल तर अन्न पचत नाहीं व भूकही मंदावते. म्हणून दाढीवाल्याच्या पेटींत एका टोकास सुमारें ४० अंश सेल्सिअस उष्णता व दुसऱ्या टोकास गारवा ठेवितात. कोठें बसावें हें त्याचें तो ठरवितो. सूर्याच्या अतिनील किरणांनीं त्याच्या कातडींत ड जीवनसत्त्व तयार होतें. त्यावांचून अन्नांतील चुना हाडांस लागत नाहीं, व हाडें मऊ पडतात. हे किरण कांच बहुतेक अडविते, म्हणून बंद खिडकींतलें ऊन पुरत नाहीं. मोठा दाढीवाला पालाही पुष्कळ खातो, पण वाढत्या पिलास मुख्यतः किडेच लागतात, आणि किडा पिलाच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा देऊं नये. काजवा तर कधींच देऊं नये, तो त्यास विषारी असतो.

आमच्यापाशीं दया होती, पण ज्ञान नव्हतें, आणि त्या दयेनेंच पिलूं मरावयास टेकलें होतें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं खोकें अंगणांत नेलें. अर्ध्यावर पोतें टाकून सावली केली, अर्धें उन्हांत ठेवून वर जाळी बांधली. कापूस काढून बाभळीची वाळकी काटकी उभी केली. सरडा दंवाचे थेंब चाटतो, म्हणून पानांवर पाणी शिंपडलें. मुलगा बांधावरून नाकतोड्यांचीं बारीक पिलें आणूं लागला. सोयाबीनच्या रानांत औषध फवारलेलें असतें, तेथील किडे आणूं नकोस, असें आम्हीं त्यास बजावलें. उन्हांत पिलाचा काळेपणा हळूहळू गेला, व चौथ्या दिवशीं त्यानें पहिला नाकतोडा टिपला. मुलगा इतक्या मोठ्यानें ओरडला कीं शेजारची मंडळी धावून आली.

आठ दिवस लोटल्यावर तो म्हणाला, 'सर, हें मी पाळूं का?' घरोघरींचा दाढीवाला माणसाच्या हाताखालीं पिढ्यान् पिढ्या वाढलेला आहे. हें पिलूं कुंपणांतलें आहे, तें कुंपणास परत द्यावें, असें आम्हीं सांगितलें. तो थांबून म्हणाला, 'पण तीं मुलें तेथेंच असतात.' ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेनंतर खोकें वर्गांत नेलें, पिलाची सर्व हकीकत सांगितली, व आमची चूकही सांगितली. गळ्याखालीं रंगीत पंखा उघडणाऱ्या कांहीं सरड्यांच्या प्रजातीस शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं 'सरडा' हें आपलें मराठी नांवच दिलें, हें ऐकून मुलें हंसलीं. लवंगी बांधणारा मुलगा मात्र खालीं मान घालून बसला होता. पिलूं कोणी सोडावें असें विचारतां तोच उभा राहिला. धाकट्यानें त्याच्याकडे बराच वेळ पाहिलें व खोकें त्याच्या हातीं दिलें.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आम्हीं आळशी विद्यार्थ्यांस उद्देशून कितीदां तरी वापरली आहे. परंतु त्याचें अन्न, ऊन, सावली आणि घर त्या कुंपणांतच असतें. त्याहून अधिक तो आपणांजवळ मागत नाहीं. ज्यास चिमणीचा विसर पडत नाहीं, त्यास सरड्याचाही पडत नसेल. आम्हांस मात्र पडला होता, व त्याची आठवण एका लहान विद्यार्थ्यानें करून दिली, हें येथें कृतज्ञतापूर्वक नमूद करितों.