कपाशीच्या फुलातला दबा

श्रावण सरता सरता जळगाव-धुळ्याच्या काळ्या जमिनीत कपाशी पात्या-फुलांवर येते. पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना तिचंच शिवार. सकाळी उमललेलं फूल दुधाळ, जरासं पिवळसर. दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी. त्या दुधाळ पाकळीची कड निरखून पाहिली, तर कधी कधी तिथे खेकडा कोळ्याची मादी बसलेली सापडते.

पुढचे चार पाय लांब, मागचे आखूड, चाल तिरपी. शिकारीसाठी ती जाळं विणत नाही. पुढचे पाय पसरून थांबते. मधमाशी टेकली की पायांची मिठी, आणि चावा डोक्यामागे. तिच्याहून मोठी माशीही लवकरच निपचित पडते. जबड्यांना चिरडणारे दात नाहीत, म्हणून बारीक छिद्रातून ती आतलं सगळं शोषून घेते. उरते पंखांसकट अखंड, पण पोकळ माशी. फुलावरची माशी बराच वेळ हललीच नाही, तर तिच्याखाली जरूर पाहावं.

नर तिच्यापुढे अगदीच इवला.

काही जातींच्या माद्या पांढऱ्याच्या पिवळ्या होतात, पण त्याला कित्येक दिवस लागतात. एका दिवसात रंग पालटणाऱ्या कपाशीशी ही शर्यत जमणारी नाही. शेजारचं ताजं फूल गाठणंच बरं. खेकडा कोळ्यांच्या थोमिसस या वंशातल्या एका ऑस्ट्रेलियन जातीबद्दल २००३ साली फार विलक्षण गोष्ट कळली. आपल्याला पांढरी दिसणारी ही मादी अतिनील प्रकाश परावर्तित करते, आणि युरोपातून तिथे नेलेल्या मधमाश्या ती बसलेल्या फुलाकडेच जास्त ओढल्या जातात. तिथल्या मूळच्या मधमाश्याही ओढल्या जातात, पण उतरायचं टाळतात.

भारतातल्या खेकडा कोळ्यांचा सविस्तर ग्रंथ बी. के. टिकादर यांनी १९८० साली सिद्ध केला. त्यांचं बरंचसं काम पुण्यातलं.

या कोळ्याला सरसकट मित्रकीटकांत बसवणं मात्र पटत नाही. त्याला माशी काय नि मधमाशी काय, दोन्ही सारखीच. २०१७ साली कपाशीचा घास घेणारी गुलाबी बोंडअळी तर एकदा बोंडात शिरली की त्याच्या आवाक्याबाहेरच. तरी शिवारात त्याची जागा आहे, उपयोगाचा हिशेब न मांडताही.

अंडी घालताना मादी पान दुमडून रेशमाने शिवते आणि राखण करत बसते. दुमडलेलं पान म्हणजे पान गुंडाळणारी अळीच, असं समजून ते खुडलं जातं. आधी हलकेच उघडून पाहावं. आत पांढरी पिशवी नि तिच्यावर कोळी असेल, तर पान झाडावरच राहू द्यावं.