मागचा बाक

धुळ्याच्या ती. मावशींचे सहस्रचंद्रदर्शन गेल्या वर्षी वैशाखात ठरले, आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे आमच्या आईने, “मी काही येत नाही, अहेर तुम्हीच घेऊन जा,” असे शांतपणे सांगून टाकले. कारण तिने सांगितले नाही. पण मला ते ठाऊक होते.

माघात एका लग्नासाठी आम्ही हातोदहून धुळ्यास गेलो होतो. एका स्नेह्यांची सात जणांची उंच, भारदस्त एसयूव्ही मागून आणली होती. तिची पायरी आईच्या गुडघ्याला लागत होती. दोघा नातवांनी काखेत हात घालून तिला अक्षरशः उचलून आत बसविले. सर्वांना हसू आले, तीही हसली. खलघाटला नर्मदेच्या पुलावर तिने बसल्या जागेवरूनच हात जोडले. सेंधव्याला सगळे चहासाठी उतरले, ती उतरली नाही. धुळ्याला मांडवात तिला घेरी आली. मागाहून सौ.ने सांगितले, की आईंनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. पाणी प्यायले तर उतरावे लागणार, आणि उतरायचे म्हणजे चारचौघांत पुन्हा उचलून घेणे आले!

आपल्यासारख्या परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या कुटुंबांची निम्मी नातीगोती नर्मदेपलीकडे असतात. लग्नमुंजी, कुळाचार, आजारपणे यांसाठी अडीचशे-तीनशे किलोमीटर जाणे चुकत नाही. त्यामुळे गाडी ही आपणांस निव्वळ हौस नव्हे. पूर्वी आम्ही बसने जात असू. पुढे भाड्याच्या तूफानमध्ये समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. सुमंत मूळगावकर यांच्या नावावरून तिचे नाव पडले, याचा आम्हां मराठी मंडळींना कोण अभिमान! परंतु तिच्याही मागच्या आडव्या बाकांवर घाटात कोण बसणार, हा प्रश्न असेच. उत्तर ठरलेले होते : ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही तो.

माघातल्या त्या प्रवासानंतर घरची गाडी घेण्याचे ठरले. चि. पुतण्याचा आग्रह उंच एसयूव्हीचा. त्याचेही चूक नव्हते. पावसाळ्यात आमच्या माळव्याच्या काळ्या मातीत शेतापर्यंत जायचे, तर उंच गाडीच हवी. खोटे कशाला बोलू, शाळेच्या फाटकाशी अशा गाडीतून उतरण्याचा मोह मलाही होताच.

तथापि माहितीपत्रके चाळता चाळता काही गोष्टी ध्यानात आल्या. गाडी बाहेरून मोठी म्हणजे आतून ऐसपैस, हा आपला भ्रम आहे. स्कॉर्पिओ-एन अर्टिगाहून सुमारे वीतभर लांब आणि बरीच रुंद. पण पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर एकीचे २७५० मिलिमीटर, तर दुसरीचे २७४०. इनोव्हाचे उदाहरण तर अधिक बोलके. क्रिस्टा शिडीसारख्या चॅसीवर उभी असून तिची मागची चाके ओढतात. पुढे आलेली हायक्रॉस चॅसीवाचून बांधलेली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी. लांबीत फरक जेमतेम २० मिलिमीटरांचा; परंतु चाकांमधले अंतर १०० मिलिमीटरांनी वाढले. चॅसी गेली की तळ खाली येतो, चढणे सोपे होते आणि मागे पाय सोडून बसता येते. चॅसीवरच्या उंच गाड्यांत तिसऱ्या रांगेचा तळ वर उचललेला असतो, त्यामुळे बसणाऱ्याचे गुडघे छातीशी येतात. १९८३ च्या अखेरीस अमेरिकेत क्रायस्लरने काढलेली मिनीव्हॅन घरोघरी गेली ती याच सुखसोयीमुळे : तळ खाली, दार सरकते. आपल्याकडची मारुती व्हॅनही तशीच. तीत आई एकटी चढत असे, हे मला तेव्हा आठवले.

शाळेत वर्ग पाहावयास गेलो, की मी मागच्या बाकावर जाऊन बसतो. तेथवर शिक्षकाचा आवाज पोहोचला तरच शिकविणे पोहोचले. गाडीलाही हीच कसोटी लावावी, असे ठरवून एका रविवारी आईला इंदूरला नेले. शोरूममधला तरुण पडदे आणि काचेचे छत दाखवीत होता. आई म्हणाली, “मला कुणी धरू नका.” उंच गाडीच्या पायरीवर तिने पाय ठेवला आणि मुकाट्याने काढून घेतला. अर्टिगात मात्र ती आधी टेकली, मग पाय आत घेतले. पुन्हा उतरली, पुन्हा बसली. वांगी पारखावीत तशी तिने ती गाडी तीनदा पारखली. मग मला म्हणाली, “आता तू मागे बसून बघ.”

मी बसलो. महूपर्यंत ठीक, पुढे अवघड, असे माझे प्रामाणिक मत झाले. शिवाय तिन्ही रांगा भरल्या की सामानाला उरते ती २०९ लिटर जागा. फराळाचे डबे आणि दोन पिशव्यांत ती संपते. तरीही तीच गाडी घेतली. पुतण्या आठ दिवस नाराज होता. बॅगा टपावर गेल्या, आणि तिसरी रांग भावाने व मी पाळीपाळीने वाटून घेतली. बिजासन घाटात माझी पाळी होती. माझ्या कमरेला तो घाट अजून आठवतो.

परंतु सेंधव्याला आईने स्वतः दार उघडले. खाली उतरून तिने पाणी मागितले, चहा घेतला, आणि आणखी अर्धा कप मागितला. धुळ्याला मावशी ओट्यावर वाट पाहत बसल्या होत्या. “कुणी आणलं गं तुला?” त्यांनी विचारले. आई म्हणाली, “माझी मी आले.”

वाचकहो, गाडी घ्यायला जाल तेव्हा घरातले सर्वांत वडील माणूस बरोबर न्यावे, आणि किंमत विचारण्याआधी आपण स्वतः मागच्या बाकावर बसून पाहावे.