मिनिटाला एक प्रश्न

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेलं मूल कशाने बिचकतं, याची उत्तरं ठरलेली आहेत. इंग्रजी, होस्टेल, मेसचं जेवण, एम-वन म्हणजे गणिताचा पहिला पेपर. सगळी खरी आहेत. पण एफईच्या वर्गाला इतकी वर्षं ड्रॉइंग शिकवताना माझी खात्री झाली आहे, की हुशार मुलं अडखळतात ती सावकाशीपाशी. सावकाश जायचं कसं, हे त्यांना तोवर कुणी शिकवलेलंच नसतं.

एमएचटी-सीईटीचा पेपर आठवा. भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्न, वेळ 90 मिनिटं. गणिताचे 50, त्यालाही 90 मिनिटं. चुकलं तर गुण कापत नाहीत. म्हणून क्लासमध्ये दोन वर्षं एकच गोष्ट घोटून घेतात: अडलं की सोड, पुढचा घे, शेवटी उरलेल्यांना काहीतरी टिक कर. प्रश्न सोडून देणं हे तिथलं कौशल्य, आणि मुलं त्यात तरबेज होऊन आमच्याकडे येतात.

मग ती ड्रॉइंग हॉलमध्ये उभी राहतात. बोर्डाला शीट लावलेली, मिनी ड्राफ्टर कसलेला, पेन्सिलीला टोक काढलेलं आणि समोर एकच आकृती. कापलेल्या, खाचा पाडलेल्या एका ठोकळ्याचं चित्र दिलेलं असतं. तो समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसेल ते काढायचं. दोन तास. इथे सोडून पुढे जायला पुढचा प्रश्नच नसतो.

परभणीकडची एक मुलगी होती. शाळा जिल्हा परिषदेची, बारावी आणि सीईटी लातूरला राहून केलेली, पर्सेंटाइल उत्तम. तिची शीट बघायला गेले तर एकाच जागी रबर फिरवून फिरवून कागदाला लव आली होती. ठोकळ्याच्या पोटातून आरपार गेलेली एक खाच होती. ती समोरून दिसत नाही, म्हणून तुटक रेषांनी दाखवायची. नियम तिला पाठ होता. पण त्या रेषा नेमक्या किती उंचीवर येणार, हे काही केल्या बसत नव्हतं. ‘मॅडम, ही लाइन येते कुठून?’ तिने विचारलं. मी कपाटातून अंगाच्या साबणाची वडी काढून दिली, ब्लेड दिलं आणि म्हटलं, हा ठोकळा काप. तिने माप घेऊन खाच पाडली, वडी डोळ्यांसमोर धरली, आडवी केली, पुन्हा सरळ केली. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग बोर्डाकडे वळून तिने त्या दोन तुटक रेषा काढल्या, आणि रबराला हात लावला नाही.

त्या दिवशी तिची शीट पुरी झाली नाही. माझ्या दृष्टीने तो तिच्या सहामाहीतला सगळ्यात चांगला दिवस होता. ती मात्र रडवेली झाली होती. ‘सगळ्यांची झाली, माझीच राहिली,’ म्हणाली. झालेल्यांतल्या कितीतरी शीट होस्टेलवर काचेखाली बल्ब लावून उतरवलेल्या होत्या, हे तिला ठाऊक नव्हतं. मुलं याला जीटी मारणं म्हणतात. यावर चिडणारे सहकारी आहेत, मला चिडता येत नाही. आळशी मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत काचेवर वाकून बसत नाही. दर आठवड्याला शीट, जर्नल, असाइनमेंट आणि वर युनिट टेस्ट लावली, की मूल जुनीच युक्ती काढतं: अडलंय ते सोड, पुढचं घे.

तीन बाजूंनी बघण्याची ही पद्धत ज्याने शास्त्र म्हणून उभी केली, त्या गास्पार मोंजबद्दल मी पहिल्याच तासाला सांगते. 1746 सालचा जन्म, छोट्या व्यापाऱ्याचा मुलगा. मेझिएरच्या लष्करी इंजिनिअरिंग शाळेत घराणं नसल्यामुळे त्याला अधिकारी होता येत नव्हतं, म्हणून तो नकाशे काढण्याच्या कामाला लागला. शत्रूच्या माऱ्यातून आतले लोक वाचतील अशा बेताने किल्ल्याची तटबंदी आखायची, तर तेव्हा लांबलचक आकडेमोड करावी लागे. मोंजने ते भूमितीने सोडवलं. अधिकाऱ्याने आधी ते तपासायलाच नकार दिला, कारण इतक्या लवकर उत्तर येणं त्याला शक्यच वाटेना. पुढे ती पद्धत लष्कराने गुप्त ठेवली. मोंजने ती उघडपणे शिकवली 1795 मध्ये आणि पुस्तक आलं 1799 मध्ये. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की मोंजचा वेग नीट दिसण्यातून आला होता. आता ऑटोकॅडसारखी सॉफ्टवेअर आली आहेत, हाताच्या शीट कमी झाल्या आहेत. त्याला माझी हरकत नाही. खाच आधी डोळ्यांना दिसली पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे.

वर्कशॉपमध्ये हे जास्त सोपेपणाने घडतं. फिटिंगच्या जॉबला लोखंडाच्या पट्टीची कड कानशीने सपाट आणि काटकोनात करायची असते. आमचे इन्स्ट्रक्टर आयटीआय करून आलेले, बोलायला मोजके. मुलगा जॉब घेऊन आला की ते त्याच्या कडेला गुण्या लावतात आणि दोन्ही खिडकीकडे धरतात. मधून उजेड दिसला की जॉब परत. तो उजेड मुलालाही दिसतो, त्यामुळे वाद नाही, मार्कांचं बोलणं नाही. मुलगा पुन्हा व्हाइसपाशी जाऊन कानस मारायला लागतो. थिअरीच्या विषयांत असा उजेड दाखवायला कुणाला सवड नसते. एम-वनला कुठे फट राहिली ते थेट निकालाला कळतं, तोवर मुलगा एटीकेटी घेऊन पुढच्या वर्षात गेलेला असतो.

सगळ्यात वाईट हाल शेवटच्या फेरीतून आलेल्यांचे होतात. प्रवेश लांबतात. कुणी ब्रँच बदलून येतो, कुणी रिकाम्या जागेवर. तोवर वर्गात रेषांची प्रक्षेपणं शिकवून झालेली, बॅचमध्ये मैत्र्या जुळलेल्या. नवा मुलगा ट्रंक होस्टेलवर टाकून थेट लेक्चरला बसतो, आणि त्याला सबमिशनची तारीख तीच मिळते. जो आधीच उशिरा पोचला, त्यालाच आपण सगळ्यात जास्त पळायला लावतो. डिफॉल्टर लिस्टमध्ये पहिलं नाव त्याचंच.

दिवाळीनंतर पालकांचे फोन येतात. ‘मॅडम, बारावीला नव्वदच्या वर होता, आता काठावर कसा?’ त्यांच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त असते. कर्ज काढून, शेत गहाण ठेवून पाठवलेलं असतं. मी त्यांना सांगते, की तो संध्याकाळी हॉलमध्ये थांबतो, विचारतो, एक आकृती तीनदा काढतो. हे त्यांना पटतंच असं नाही. तरी पुढच्या फोनला ते ‘अजून थांबतो का हो तो?’ असं विचारतात.

विभागाच्या बैठकीत माझी मागणी दर वर्षी तीच असते, यंदाही तीच मांडणार आहे. पहिल्या दोन शीटना तारीख लावू नये. ड्रॉइंग हॉल साडेपाचनंतरही उघडा राहावा, किल्ली मी सांभाळेन. आणि शेवटच्या फेरीतून आलेल्या मुलाच्या मुदती तो ज्या दिवशी वर्गात आला, त्या दिवसापासून मोजाव्यात.