सहार ते नवी मुंबई : चोवीस किलोमीटरचा हिशेब

करंजाडे, ता. पनवेल
जानेवारी 2026

चि. सोनूस,

तुझा मेसेज वाचला. लंडनहून मुंबईच्या सहार विमानतळावर उतरायचं आणि लगेच नवी मुंबईहून गोव्याचं विमान धरायचं, असा तुझा बेत. नेटवर दोन्ही विमानतळांमधलं अंतर 24 किलोमीटर आणि विमानाचा वेळ अर्धा तास दाखवतात म्हणालास. अंतर खरं आहे, पण ते खाडीवरून सरळ रेघ ओढून मोजलेलं. अर्धा तास हा नुसता गणिती आकडा: चढण्या-उतरण्याचा ठरावीक वेळ धरायचा आणि त्यात अंतराला वेगाने भागून येईल ते मिळवायचं. या दोन विमानतळांमधे उडणारं विमान आहेच कुठे? जेट विमानाला नेहमीची उंची गाठायलाच वीसेक मिनिटं लागतात. सहारहून इकडे निघालेलं विमान तेवढ्यात पुणं मागे टाकेल.

मग इतक्या जवळ दुसरा विमानतळ कशाला, हे तू विचारशीलच. सहारला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत. चहूकडून वस्ती भिडलेली, वाढायला जागा नाही. नव्या जागेसाठी आधी रेवस-मांडव्याचंही नाव होतं. शेवटी पनवेलच्या खाडीकाठावर शिक्कामोर्तब झालं. फेब्रुवारी 2018 मध्ये भूमिपूजन, 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन आणि 25 डिसेंबरपासून प्रवासी विमानं.

या तारखांमागे पुष्कळ काही घडलं. उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदी वळवली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावं उठली. आपल्या करंजाड्यात आणि वडघरला पुनर्वसनाचे भूखंड पडले, ते याच गावांसाठी. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने जमिनीच्या बदल्यात 22.5 टक्के विकसित भूखंड दिले. त्याआधीचा साडेबारा टक्क्यांचा हक्क 1984 च्या शेतकऱ्यांच्या आंदोलनातून आला. त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. नेतृत्व शेतकरी नेते दि. बा. पाटलांचं होतं. विमानतळाला त्यांचंच नाव हवं, हा इथल्या भूमिपुत्रांचा आग्रह तिथूनच आलेला.

आता तुझं तिकीट. नकाशावरचे 24 किलोमीटर रस्त्याने चाळीसच्या घरात जातात, कारण मधे खाडी आहे आणि ती पुलावरूनच ओलांडावी लागते. पहाटे तासाभरात पोचशील. संध्याकाळी चेंबूर-मानखुर्दला गाडी अडकली की दोन तासही कमी पडतात. त्याआधी इमिग्रेशन, बॅगांचा पट्टा, कस्टम. इकडे आल्यावर पुन्हा चेक-इन आणि सुरक्षा तपासणी. शिवाय दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलीस, तर लंडनचं विमान उशिरा आल्यावर गोव्याचं तुझ्यासाठी थांबणार नाही आणि पैसेही बुडतील.

तेव्हा दोन विमानांत निदान सहा तास ठेव. त्याहून बरं म्हणजे पुढचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढ आणि मधली रात्र इथे ये. नवा विमानतळ आपल्या घरापासून जवळ आहे. सकाळी तुझे काका सोडतील. तारीख नक्की झाली की कळव, म्हणजे वाशीच्या बाजारातून सुरमई आणून ठेवते.

तुझी,
आत्या